हळदीकुंकवाची सही बॉनला कशी पोचली

निखिल, तुझ्या ईमेलमध्ये एकच ओळ होती. "आजी, तू शेतकरी कधी झालीस?"

खाली इंटरनेटवरून उतरवून घेतलेलं एक इंग्रजी पान जोडलेलं होतं. शाळेच्या प्रकल्पासाठी तू जागतिक हवामानाच्या कराराचे कागद चाळत होतास, भारतातल्या यादीत तुला नाशिक दिसलं आणि नाशिकमध्ये आजी सापडली. पानावर लिहिलं होतं की सिन्नर तालुक्यातल्या खापरवाडी गावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहणार आहेत, त्याबद्दल गावकऱ्यांची सभा झाली आणि सभेला एकेचाळीस जण हजर होते. त्यात एकोणिसाव्या क्रमांकावर माझं नाव. व्यवसायाच्या रकान्यात 'शेतकरी'. मताच्या रकान्यात 'कार्यक्रम आवडला, आनंद व्यक्त केला'.

तुझ्या बहिणीने, इराने, त्याखाली लिहिलं होतं की आजी फेमस झाली. इरा, झाले नाही. मी त्या सभेला गेले नव्हते. सभेला गेले असते तर मला आठवलं असतं, कारण सभेत मी नेहमी प्रश्न विचारते आणि लोक माझ्याकडे वळून बघतात.

या एका ओळीमुळे मी तीन दिवसांचा प्रवास केला. तो आता, वर्ष उलटल्यावर लिहिते आहे, कारण त्याचा शेवट यंदाच्या संक्रांतीला झाला. तुम्हांला दर शनिवारी फोनवरून मराठी वाचायला शिकवलं ते याच्यासाठी असं समजा. अडलं तर बाबांना विचारा.

निघण्यापूर्वी

मी सत्तावीस वर्षं जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होते, हे तुम्हांला माहीत आहे. मराठीतल्या जबान्या, पंचनामे, खरेदीखतं इंग्रजीत करायची, म्हणजे अपिलात मुंबईच्या वकिलांना वाचता येतात. या कामाने स्वभाव बिघडतो. कोऱ्या कागदावर आधीच घेऊन ठेवलेल्या पंचांच्या सह्या मी इतक्या पाहिल्या आहेत की लग्नाची पत्रिका आली तरी आधी मागची बाजू बघते.

म्हणून कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊन तो सगळा दस्तऐवज छापून आणला, भोकं पाडून फाईलला लावला आणि दोनदा वाचला.

त्यातला कायदा सांगते. हवा सगळ्या जगाची एकच, म्हणून धुराचा कायदाही देशांनी मिळून केला. क्योटो शहरात करार झाला. श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करायचं कबूल केलं, पण एक सवलत ठेवून घेतली. स्वतःच्या देशात धूर कमी करणं जड जात असेल तर आमच्यासारख्या देशात कोणी धूर वाचवला त्याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. म्हणजे तुमच्याकडे कोळसा जळत राहणार, आमच्या माळावर चक्की फिरणार आणि वरच्या हवेत दोन्ही जमा-वजा होणार. या कराराची कचेरी तुमच्याच देशात, बॉनला आहे. प्रमाणपत्र मिळायला एक अट अशी की आसपासच्या लोकांना विचारलं पाहिजे. विचारलं याचा पुरावा म्हणून हजेरीची यादी. त्या यादीत मी.

माझी शंका सरळ होती. आमच्या कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि समोरचा वकील त्याला उलटसुलट विचारतो. इथे साक्षीदार काय म्हणाला हे ज्याला प्रमाणपत्र हवं तोच लिहून देतो. ते तपासायला जो माणूस येतो त्याची फीसुद्धा तोच भरतो.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. नव्वदच्या दशकात आपला फ्रिज बिघडला तेव्हा अंबडहून येणारा दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, हा गॅस आता मिळायचा नाही. आभाळाला भोक पडलंय, म्हणून सगळ्या देशांनी मिळून बंद करायचा ठरवलाय." मी त्याला दारातून परत पाठवलं. इतकी सुंदर थाप मी तोपर्यंत ऐकली नव्हती. पुढे वाचनालयात कळलं की त्याचा शब्द न् शब्द खरा होता. आणि तो कायदा चाललासुद्धा. तेव्हापासून मी ठरवलं आहे की संशय घ्यावा, पण जाऊन बघावं.

आणि जायला एक कारण होतं. यादीत सातव्या क्रमांकावर पारबताबाईंचं नाव होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'प्रकल्पाच्या रस्त्यामुळे पाण्याला बाधा येत नाही, हे मान्य.' ही बाई मला आठवत होती. खापरवाडीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती माझ्या शेजारी बसली होती आणि दीड तास पाण्याशिवाय दुसरं काही बोलली नव्हती. माळावरून येणाऱ्या ओढ्यावर तिचं तळं, तळ्यावर तिचा झेंडू आणि भाजी. रस्त्याचा भराव ओढ्यात पडला की तळं मेलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

म्हणजे ती सभा कुठली ते मला कळलं. दस्तऐवजावर हरकती पाठवायला जगातल्या कोणालाही तीस दिवसांची मुदत होती. त्यातले पाच उरले होते.

पहिला दिवस : सिन्नरचा रस्ता

मार्च लागला होता. मोहदरीच्या घाटात एसटीच्या खिडकीतून येणारा वारा अजून बरा होता, पण सिन्नरला उतरल्यावर डांबर तापलेलं. तिथून खापरवाडीला काळी-पिवळी जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे काय याबद्दल ड्रायव्हरचं आणि माझं मत जुळलं नाही. तुमच्याकडे आगगाडी एक मिनिट उशिरा आली की लोक घड्याळ बघतात. इथे जीप निघाली की लोक एकमेकांना टाळी देतात.

गावाच्या अलीकडच्या चढावर जीप थांबली. पुढे वळणावर एक लांबलचक ट्रेलर अडकला होता आणि त्यावर पांढरंशुभ्र काहीतरी, चार-पाच एसट्या एकापुढे एक लावाव्यात एवढं.

"विमान पडलं का काय?" माझ्या मांडीवर पिशवी ठेवलेल्या बाईंनी विचारलं.

"पवनचक्कीचं पातं हाय ते, मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "याची लय वीज व्हनार."

"मंग आमच्या घरातला पंखा का फिरत नाय? दिवसाचे बारा तास लाईट नसती."

"वीज लांब जाती, मावशी."

"आन आमाला?"

"तुमाला वारा!" मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळी जीप हसली.

मी हसले नाही, कारण मी फाईल उघडली होती. दस्तऐवजाच्या बाराव्या पानावर कंपनीने लिहिलं होतं की प्रमाणपत्राचे पैसे मिळाले नाहीत तर हा प्रकल्प उभाच राहू शकत नाही. प्रमाणपत्र तर अजून मिळालेलं नव्हतं. मी पानाकडे बघितलं, मग पात्याकडे. पानाच्या समासात पेन्सिलीने तारीख आणि वेळ टाकली.

तासभर उन्हात उभं राहिल्यावर जीप शेतातून काढली. त्या खटाटोपात माझ्या चष्म्याची एक काडी मोडली. पुढचे दोन दिवस मी चष्मा दोऱ्याने कानाला बांधून फिरले. माझ्या बोलण्याचं वजन त्याने फारसं वाढलं नसावं.

खापरवाडी, संध्याकाळ

मी मालतीकडे उतरले. मालती कोर्टात नकला विभागात होती. तिच्याइतकं सुंदर अक्षर आमच्या इमारतीत दुसरं नव्हतं. निवृत्तीनंतर ती गावी येऊन राहिली. संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याच अंगणात झालं होतं आणि तिच्या आग्रहावरून मी नाशिकहून आले होते.

तिने कुळथाची शेंगोळी केली होती. लसणाचा वास, वर तेलाचा तवंग, सोबत बाजरीची भाकरी. तुमच्या आईने तिकडे पास्ता करताना कधी लसूण जळू दिला तर साधारण तसा वास येईल, पण तेवढाच सारखेपणा. मी दोनदा वाढून घेतली. मग फाईल काढली.

मालतीने एकेचाळीस नावं बोट फिरवत वाचली. मग बोट परत पहिल्या नावावर, तिच्या स्वतःच्याच, येऊन थांबलं.

"या तर वाणाचे डबे घेतल्याच्या सह्या आहेत," ती म्हणाली.

संक्रांतीला वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलचा डबा मिळाला होता. तो मालतीच्या पुतण्याने, बाळूने दिला होता. तो पवनचक्कीच्या कंपनीत नुकताच लागला होता. डब्याच्या झाकणावर चक्कीचं चित्र होतं.

"बाळू म्हणाला, कंपनीला दाखवायचंय किती डबे गेले. म्हणून सह्या घेतल्या."

"मालती, कागदाची वरची कड घडी घालून क्लिपखाली दाबलेली होती. तू पाहिलीस?"

तिने यादी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "तुम्ही पाहिलीत?"

मुलांनो, मी पाहिली होती. सत्तावीस वर्षांची नजर चुकत नाही. घडी दिसली, मनात आलंही की उलगडून बघावी. पण एका हातात तिळगूळ होता, बोटाला हळद लागली होती, मागे बायकांची रांग होती आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाईने घरधनिणीचा कागद तपासायचा म्हणजे कसं दिसतं? कोणी विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणाले, "फार छान, आनंद झाला." तिळगुळाबद्दल म्हणाले होते.

"मीही पाहिली," मालती म्हणाली. तिने ताटं उचलली आणि घासायला नेली.

दुसरा दिवस : माळ

सकाळी पारबताबाई मला माळावर घेऊन गेल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण चालणं असं की मी सारखी मागे पडत होते.

"नाशकात बसून पाय वाळले तुमचे," त्या म्हणाल्या, "चला, आजून दोन शेतं."

माळ उघडा, गवत पिवळं, आणि वारा खरंच असा की पदर धरून ठेवावा लागे. चक्कीसाठी जागा ज्याने निवडली त्याला वाऱ्यातलं कळत होतं, यात शंका नाही. पलीकडच्या टेकाडावर एक मनोरा पूर्ण उभा होता. खाली ओढा. मार्चमध्ये ओढा म्हणजे ओलसर वाळू आणि दोन डबकी, पण पारबताबाईंनी हाताने सगळा पावसाळा दाखवला. कुठून पाणी उतरतं, कुठे वळतं, कुठे त्यांच्या सासऱ्यांनी दगड लावून तळं बांधलं. तळ्याखाली दीड एकर, त्यात कोथिंबीर, वांगी आणि उरलेला झेंडू. दसरा-दिवाळीचा झेंडू सिन्नरला जायचा.

मुरुमाचा रुंद रस्ता ओढ्याच्या काठापर्यंत येऊन थांबला होता. पुढे ओढ्याच्या पात्रात पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघा ओढलेल्या होत्या, या काठापासून त्या काठापर्यंत. त्या दोन रेघांमध्ये भराव पडणार होता.

"पाणी जायला खाली मोरी?" मी विचारलं.

"कुटली मोरी? नुसता मुरूम टाकनार. तो बगा आला, त्यालाच इचारा."

मोटरसायकलवरून बाळू आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने वाकून मला नमस्कार केला.

"मॅडम, काकूंनी सांगितलं तुम्ही आलात. काही प्रॉब्लेम?"

मी त्याला यादी दाखवली. तो लाजला नाही, हे मला आधी खटकलं. मग लक्षात आलं की त्याला लाजण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

"मॅडम, सभेची नोटीस लावली असती तर चार माणसं आली असती, चावडीवर बसणारी. बायका तर नाहीच. ऑफिसला बायकापण पाहिजे होत्या. हळदीकुंकवाला सगळं गाव आलं. लोक तेच ना? उलट जास्त आले."

"पण त्यांना कोणी काही विचारलं नाही."

"विचारलं की! कसं वाटलं, असं प्रत्येकीला विचारलं. सगळ्या छान म्हणाल्या."

"आरं बाळ्या," पारबताबाई म्हणाल्या, "म्या तुला पान्याचं बोलले नाय का? डबा घेताना बोलले."

"बोलला ना आजी. म्हणून तर तुमच्या पुढे पाण्याचं लिहिलंय."

यावर पारबताबाईंनी त्याला जे म्हटलं ते मी भाषांतरित करणार नाही.

बाळूने मान खाली घातली. "मोरीचं मी सायबांना बोललोय. प्लॅनमध्ये नाही म्हणतात. वरून मंजूर होऊन आलेला प्लॅन आहे. मी कोण? मला दोन-तीन महिने झालेत लागून." मग म्हणाला, "आणि मॅडम, हे जगाच्या भल्याचंच काम आहे ना? धूर कमी होतोय."

मला त्याचा राग यायला हवा होता, आणि आला तो त्या घडी घातलेल्या कागदाचा, ज्यावर मी सही केली होती.

दुसरा दिवस : कुरडया

दुपारी पारबताबाईंच्या अंगणात कुरडया होत्या. गव्हाचा चीक चुलीवर रटरटत होता, दोघीजणी आळीपाळीने हाटत होत्या, बाकीच्या सोऱ्यातून जुन्या साडीवर कुरडया पाडत होत्या. आळीतल्या चौदा-पंधरा बायका होत्या, यादीतल्या बऱ्याचशा त्याच. मला एका वाटीत गरम चीक आणि वर तेल दिलं. हा पदार्थ तुम्ही खाल्लेला नाही. सांगायचं तर बोटांना, जिभेला आणि वाटीला सारखाच चिकटतो आणि तरी अजून हवा असतो.

माळावरून आल्यावर मी मालतीच्या ओट्यावर बसून हरकतीचं पत्र इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. पत्र चांगलं होतं. मुद्दे क्रमवार, पानांचे क्रमांक दिलेले. बायकांना मी सगळं समजावून सांगितलं. हा कागद परदेशात जाणार, चार दिवसांत गेला नाही तर गावाची काही हरकत नाही असं धरलं जाईल, भराव पडेल. मग कागद पुढे केला आणि पेन काढलं.

कोणी हात पुढे केला नाही. मला वाटलं हातांना चीक लागलाय म्हणून.

"काय लिवलंय त्यात?" पारबताबाईंनी विचारलं.

"आत्ता सांगितलं तेच."

"तुमी सांगितलं ते ऐकलं. त्यात काय लिवलंय?"

"अहो, तेच आहे. मी खोटं कशाला लिहीन?"

"बाळ्या बी आमचाच हाय. त्यानं बी इंग्रजीत लिवलं." त्यांनी सोऱ्या खाली ठेवला. "बाई, राग मानू नका. डबा घेतला, सही केली, आन माझ्या तोंडी भलतंच घातलं. आता तुमी चीक खाल्ला आन सही मागताय. आमाला कसं कळावं?"

अंगणात कोणीतरी खुदकन हसलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदांवर संशय घेतला. माझ्या कागदावर कोणी संशय घेतला नव्हता, कारण माझं इंग्रजी वाचून बघेल असं समोर कोणी नसायचंच.

"मग काय करू?" मी विचारलं.

"मराठीत लिवा. आमी सांगतो तसं लिवा. ते वाचून दाखवा. त्याच्यावर आमी सह्या करू. खाली तुमचं इंग्रजी लिवा आन त्याच्यावर तुमी एकल्याच सही करा. चुकलं तर तुमचं चुकलं."

कोर्टाची रीत हीच असते. मूळ कागद बोलणाऱ्याच्या भाषेत, त्यावर त्याची सही, सोबत भाषांतर आणि भाषांतर बरोबर असल्याची जबाबदारी भाषांतरकारावर. सत्तावीस वर्षं मी हेच केलं, आणि घाईच्या वेळी नेमकं हेच विसरले. मीही त्या बायकांच्या तोंडी माझं इंग्रजी घालत होते. ते बाळूच्यापेक्षा चांगलं होतं, एवढंच.

"लिहायला कोण बसणार?" कोणीतरी विचारलं. माझा चष्मा दोऱ्यावर लोंबत होता.

"मी लिहिते," मालती म्हणाली.

ती कधी आली होती मला कळलं नव्हतं. दारापाशी उभी होती. पदराला हात पुसून ती पाटावर बसली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कारण बाळूच्या नोकरीचं काय होईल हे तिथे सगळ्यांना कळत होतं. मी "मालती, तू नको" म्हणणार होते, तेवढ्यात तिने माझ्या हातातून पेन घेतलं.

पारबताबाईंनी सांगितलं, मालतीने लिहिलं. बाकीच्या मधूनमधून भर घालत होत्या.

"लिव, त्या दिवशी सभा नव्हती. हळदीकुंकू होतं."

"डब्याचंपन लिव."

"लिव, चक्की नको असं आमचं म्हननं नाय. वारा कुनाच्या बापाचा नाय. पन रस्त्याखाली वढ्याला मोरी पायजे."

"केवढी ते लिव. न्हाय तर हातभर नळी टाकत्याल."

"मानूस वाकून आत जाईल येवढी."

"कोन मानूस? बाळ्या का सरपंच?" आणि सगळ्याजणी हसल्या, कारण सरपंचांचं पोट प्रसिद्ध होतं.

"मधला मानूस लिव," पारबताबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मालतीने सगळं दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. कागदाची चारही टोकं उघडी होती. बायकांनी हात धुतले, सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. पारबताबाईंनी सर्वांत शेवटी, सावकाश, अक्षर अक्षर जुळवत. मग मालतीने खाली जुन्या दस्तऐवजांत असतं तसं लिहिलं, 'लिहिणार', आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव.

घरी जाताना ती माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली.

तिसरा दिवस : नाशिक

भाषांतर करताना सगळ्यात जास्त वेळ एका शब्दाला लागला. हळदीकुंकू बॉनच्या माणसाला कसं सांगायचं? 'पार्टी' म्हणावं तर खोटं, 'धार्मिक विधी' म्हणावं तर तो घाबरेल. शेवटी मी शब्द तसाच ठेवला आणि खाली चार वाक्यांची टीप दिली. हा बायकांनी बायकांना मान देण्याचा प्रसंग आहे. यात कपाळाला हळद आणि कुंकू लावतात, गोड आणि एखादी भेटवस्तू देतात. बोलावणाऱ्या घरी नाही म्हणायची पद्धत नाही. म्हणून इथे घेतलेली संमती ही संमती धरता येत नाही. चौथं वाक्य लिहिल्यावर मी थोडा वेळ पेन खाली ठेवलं होतं.

शेवटी स्वतःचं निवेदन जोडलं. एकोणिसाव्या क्रमांकाची व्यक्ती मी आहे. मी शेतकरी नाही. मी कागद न वाचता सही केली. माझा आनंद तिळगुळाबद्दल होता.

सायबर कॅफेत दोन्ही कागद स्कॅन करून पाठवले. मुदत संपायला तीन दिवस बाकी होते. दोन मिनिटांत उत्तर आलं. 'आपला अभिप्राय मिळाला. धन्यवाद.' इतक्या लवकर कोणी माणूस वाचत नाही. मी ते उत्तरही छापून फाईलला लावलं.

यंदाची संक्रांत

पुढे जे झालं ते थोडक्यात. पावसाळ्याच्या तोंडाशी मुंबईहून एक तपासनीस आला. पारबताबाईंनी त्याला माळावर चालवत नेलं आणि सगळा पावसाळा हाताने दाखवला. भराव थांबला. मग मोरी झाली. मोरी आमच्या पत्रामुळे झाली, की ती आधीपासून ठरली होती असं कंपनीचे साहेब म्हणाले ते खरं, मला माहीत नाही. साहेबांवर माझा विश्वास नाही, पण पुरावाही नाही.

निखिल, तू पाठवलेली दस्तऐवजाची नवी प्रत मी वाचली. त्यात लिहिलं आहे, 'स्थानिक महिलांशी सखोल चर्चा करून मोरीची तरतूद करण्यात आली. महिलांनी आनंद व्यक्त केला.' यादीतून माझं नाव गेलं आहे. प्रमाणपत्रं मिळाली की नाही, ती कोणी घेतली, त्या धुराचं शेवटी काय झालं, हे तुम्ही मोठे झालात की शोधा. मला त्या कायद्याबद्दल अजून शंका आहे. पण त्याला तीस दिवसांची एक फट ठेवलेली होती आणि त्या फटीतून ओढ्याचं पाणी गेलं, एवढं मी पाहिलं.

बाळूची नोकरी गेली नाही. त्याची बदली लांबच्या माळावर झाली. मालती माझ्याशी दहा महिने बोलली नाही. जानेवारीत तिचा फोन आला. "संक्रांतीला येणार का? यंदा हळदीकुंकू पारबताबाईंकडे आहे."

गेले. मोरी बघितली. वाकून आत गेले आणि पलीकडून बाहेर आले. मधल्या माणसाची आहे. तळ्यात जानेवारीचं पाणी होतं आणि काठावर झेंडूची शेवटची फुलं.

अंगणात बायकांची रांग होती. पारबताबाईंनी वाणाला स्वतःच्या शेतातल्या कोथिंबिरीच्या जुड्या ठेवल्या होत्या. शेवटी एक शाळेची वही पुढे आली, कोण कोण आलं ते लिहायला.

"सही करा, बाई," पारबताबाई म्हणाल्या.

मी वही हातात घेतली. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. घडी कुठेच नव्हती. सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, पण कोणी घाई केली नाही. पानाच्या माथ्यावर मालतीच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, "हे हळदीकुंकू आहे. दुसरं काही नाही."

मी खाली मराठीत सही केली आणि कोथिंबिरीची जुडी घेतली.